परत आलेली मादी

आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगखाली चिकनचं दुकान आहे. आज तिथून जळक्या पिसांचा वास आला आणि लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत पाखराची पिसं जाळली होती, तो हिप्परग्याचा तलाव आठवला.

काठावर चक्रवाकाची जोडी होती, तांबूस, उन्हात चमकणारी. माझ्या सासऱ्यांनी, अब्बांनी, नरावर बंदूक झाडली. पण सुरी फिरायच्या आतच त्याचा जीव गेला. आता तो हलाल नव्हता. अब्बांनी त्याला चिखलात फेकलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "मादी येती बघ. जोडी सोडत न्हाय ती."

ती आली. ओरडत त्याच्यावर घिरट्या घालू लागली. अब्बांनी पुन्हा बार काढला. छऱ्यांनी तिचा पंख फाटला आणि ती पाण्यात पडली.

"पळ, जीव हाय तोवर धर."

मी गुडघाभर पाण्यात धावले. फाटक्या पंखानं तिनं माझ्या तोंडावर रक्त उडवलं. मी तिला छातीशी आवळलं, मान ताणून धरली. अब्बांनी बिस्मिल्ला म्हणत सुरी ओढली.

"परत कशाला आलीस गं?" मी तिच्यावर खेकसले होते.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला ये म्हणतो. दर वेळी मी बॅग भरते आणि पुन्हा रिकामी करते.