हुसेन पिंजारी गाडीवरून पडला नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको अख्खा जन्म माझ्यासोबत राहिली, तिलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. गावात अजून मला ‘शांतता समितीवाले मास्तर’ म्हणतात, झेंडावंदनाला बोलावतात, हार घालतात. मान खाली घालायची सवय आहेच, त्यामुळे हार आपसूक गळ्यात पडतो.

आमचं गाव मंठ्याच्या अलीकडे, कापसाचं. निजामाचं राज्य जायच्या आधी रझाकारांनी बळवंतराव पाटलाच्या धाकट्या भावाला भर बाजारात गोळी घातली. मग पोलीस ॲक्शन झाली आणि त्या गोळीचा सूड पिंजाऱ्यांच्या गल्लीवर निघाला. लोकांच्या गाद्या-रजया भरून देणारी ती माणसं — त्यांचा काय संबंध? पण कुऱ्हाडीला कोण विचारणार? घरं पेटवली. पुरुष ओढून काढले, तोडले, गल्लीतल्या विहिरीत टाकले — काही तर जिवंतच. हुसेनचे दोन भाऊ त्यात गेले. उरलेले जुन्या जालन्यात नातलगांकडे पळाले.

मी त्या दिवशी घरात होतो, दाराला कडी लावून. पण ही ती गोष्ट नव्हे. त्या दिवशी अर्धा गाव कडी लावून बसला होता. माझी गोष्ट त्याच्या पुढची आहे, आणि ती माझ्या एकट्याची आहे.

गावातले म्हातारे वकील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांनी आम्हा चौघापाच जणांना घेऊन शांतता समिती काढली. पळालेल्यांना परत आणायचं काम माझ्याकडे आलं. जालन्याला खेपा घातल्या. हुसेन ऐकेना. शेवटी मी त्याला एका दिवसापुरतं गावात आणलं आणि खंडोबाच्या देवळात सगळ्यांदेखत बेलभंडार उचलला — ह्याच्या केसाला धक्का लावायचा तर आधी मला आडवं करावं लागेल. आमच्याकडे बेलभंडार उचलल्यावर वर कागद लागत नाही. हुसेन मुसलमान, पण ह्याच मातीतला. त्याला हे माझ्याइतकंच कळत होतं. पंधरा दिवसांत तो खांद्यावर पिंजण टाकून, बायकोला घेऊन आला. मागोमाग बाकीची घरं आली. आणि मी? मी छाती काढून हिंडत होतो.

मग पहिली निवडणूक लागली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चित्र, कागद आत टाकायचा — एवढं सोपं. पण पिंजाऱ्यांनी त्या दिवशी घरातच बसावं, असं पाटलाच्या माणसांनी गावभर बोलून ठेवलं होतं. म्हणून समितीनं रीत ठरवली : दंडावर पांढरी पट्टी बांधलेला आपला माणूस एकेका गल्लीला घरापासून शाळेपर्यंत चालत नेईल. पट्टीवाला आल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडायचा नाही. पिंजाऱ्यांच्या गल्लीचा पट्टीवाला मी.

म्हणजे बघा — मी गेलो नसतो, तर ते निघाले नसते.

सकाळी सगळे तयार उभे होते. हुसेनच्या बायकोनं, रशीदाबीनं, ईदचं लुगडं नेसलं होतं. हुसेन म्हणाला, “मास्तर, तुमी संगं हाव ना? मंग बराबर हाय.” मी पुढं झालो.

चावडीच्या वळणावर पाटलाची माणसं उभी होती. काठ्या, दोन कुऱ्हाडी. माझ्या आणि त्यांच्यामध्ये वीसेक पावलं असतील.

हे लिहिताना मी तीनदा पाणी प्यायला उठलो. किती टाळणार?

मी दंडावरची पट्टी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. काढली, घडी करून खिशात घातली आणि रस्त्याच्या कडेला सरकलो. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, “मास्तर, तुमी ह्यांच्यासंगं हाव का?”

मी म्हणालो, “न्हाई बा. मी तर शाळेकडं जाऊन राह्यलो.”

हुसेननं ते ऐकलं. बाकीचे मागे गल्लीकडे पळाले. तो पळाला नाही, माझ्याकडे बघत राहिला. पहिली काठी गुडघ्यावर बसली, दुसरी तोंडावर. दात मातीत पडलेले मी पाहिले. खाली पडल्यावर त्यांनी त्याच्या बोटांवर काठ्या घातल्या, एकेका बोटावर, मत टाकायचा हात शोधून. मग कुऱ्हाडीची उलटी बाजू डोक्यात. आवाज आला, तो अजून येतो. रशीदाबी त्याच्या अंगावर पडली, तिला केसांना धरून बाजूला फेकलं.

आणि मी शाळेत गेलो. रांगेत उभा राहिलो. बोटाला शाई लावून घेतली, मत टाकलं.

हुसेन तिसऱ्या दिवशी गेला. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांचा सगळा विश्वास माझ्यावर. समितीचा अहवाल मीच लिहिला, सुरेख अक्षरात : ‘मतदान शांततेत पार पडले. हुसेन पिंजारी बैलगाडीवरून पडून मयत.’ पोलिसांपुढेही हेच सांगितलं. पिंजाऱ्यांनी उलट सांगितलं होतं, पण समितीच्या मास्तरापुढं त्यांचं कोण ऐकणार? भीती होती म्हणू? होती, पाटलाची होतीच. पण लिहिताना माझ्या मानेवर कुणी कुऱ्हाड धरली नव्हती. समितीचं नाव खराब होऊ नये असं वाटलं, आणि समितीचं नाव म्हणजे माझं नाव. पुढं आसपासच्या गावांना आमच्या गावाचं उदाहरण द्यायला लागले. मीही दिलं, भाषणांतून.

पाच वर्षांनी दुसरी निवडणूक आली. मी पुन्हा पट्टी बांधली आणि त्याच गल्लीत गेलो. लाज कशी वाटली नाही, असं विचाराल. नाही वाटली. खोटं इतकं मुरलं होतं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

रशीदाबी दारात उभी होती. केस पांढरे झालेले. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, “तुमी नका येऊ, मास्तर. तुमी संगं नसलं म्हंजे आमाला भ्या वाटत न्हाई.”

मग गल्लीतल्या बायामाणसांना घेऊन ती निघाली, चावडीवरूनच. मी तिच्या दारात उभा राहिलो. सगळी माणसं मत टाकून सुखरूप परत आली. मला बघून त्यांनी दारं लावून घेतली.