अंगात येणं सोडलेली प्रेमा

दहिसरला नदीच्या अंगाला ज्या चार-पाच चाळी अजून उभ्या आहेत, त्यांतल्या दुसऱ्या चाळीत प्रेमा परब राहते. वय एकेचाळीस. पालिकेच्या दवाखान्याची आरोग्यसेविका म्हणून ती रोज सकाळी वही घेऊन दारोदार फिरते. कोणाचा खोकला हटत नाही, कोणाच्या बाळाची लस राहिली, कोणाची गोळी चुकली, सगळं लिहून घेते. एका जागी तिला बसवत नाही. चहासुद्धा ती उभ्यानंच पिते.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत मात्र ती बसलेली असायची आणि चाळ तिच्यापुढे ओळीनं यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रेमाच्या अंगात देवी येत असे.

पहिल्यांदा आली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि सासू ते रोज कुठल्या ना कुठल्या बोलण्यात ओढून आणायची. नवरात्रात चाळीच्या आरतीला ढोलकी चढली, तसं प्रेमाच्या पायांतून काहीतरी वर सरकलं, केस सुटले, आणि ती घुमायला लागली. भानावर आली तेव्हा सासूचं डोकं तिच्या पायांवर होतं. त्या दिवसापासून घरात तिला कोणी उणं बोललं नाही.

ते पहिलं येणं खरं होतं, एवढं ती आजही सांगते. पुढच्या अकरा वर्षांचं तिला सांगता येत नाही. कधी येई, कधी नुसतं आल्यासारखं वाटे, आणि कधी काहीच येत नसे. पण समोर माणसं हात जोडून बसलेली असत, मग ती केस सोडे. बायकांचे प्रश्न तेच ते असायचे. नवरा पितो, मुलगा पास होत नाही, जाऊ करणी करते. बोलता बोलता त्या स्वतःच अर्धं उत्तर देत, उरलेलं प्रेमा देई. बऱ्याच जणींना बरं वाटे. प्रेमालाही.

मग अनुपमा आली. शेवटच्या खोलीतली, तिशीतली, टीबीचे उपचार चालू असलेली. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला होता, वजन भरलं होतं, पण गोळ्यांनी मळमळायचं, जेवण जायचं नाही. नवरा प्रीतम तिला घेऊन आला आणि त्यानं विचारलं, आता गोळ्या पुरे ना? प्रेमाला त्या संध्याकाळी घाई होती, कुकर लावायचा होता. "सुटलीस तू," तिनं देवी म्हणून सांगितलं. अनुपमानं दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. दुखणं उलटलं, औषधांना दाद देईना, आणि आठ महिन्यांनी ती गेली.

प्रेमाला कोणी बोल लावला नाही, हेच तिला सोसेना. लोक म्हणाले, आयुष्य तेवढंच होतं. पुढच्या मंगळवारी ती केस घट्ट बांधून, दार लावून आत बसली. देवी गेली, असं चाळीत ठरलं. वर्षभरानं ती दवाखान्यात काम मागायला गेली. तिथल्या डॉक्टर संघमित्रांना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की देवीशी त्यांचं काही भांडण नाही, त्यांना सहा महिने रोज पोटात गेलेली गोळी हवी आहे. दुसऱ्या कोणाला प्रेमा बोलली नाही. नवऱ्यालाही नाही.

यंदा फेब्रुवारीत देवीचं ते प्रकरण पुन्हा दारात आलं. समोरच्या चाळीतल्या सत्यभामाकाकींची सून श्रुतिका, तेवीस वर्षांची, महिनाभर खोकत होती. प्रेमानंच तिला तपासणीला नेलं. टीबी निघाला. गोळ्यांचं पाकीट घेऊन प्रेमा त्यांच्या घरी गेली, तर काकींनी ते हातातही घेतलं नाही. घरात बाहेरचं काहीतरी लागलंय, गावी कौल लावल्याशिवाय औषध नको, असं त्यांचं म्हणणं. मुलगा सुयोग मालाडला एका ऑफिसात कामाला. तो आईकडे बघायचा आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचा. दोनदा, तीनदा प्रेमा गेली. चौथ्यांदा काकींनी तिचे हात धरले.

"गो प्रेमा, एकदाच इचार देवीक. ती होय म्हणाली तर मी माज्या हातान गोळी देतंय."

त्या दिवसापासून प्रेमाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. भाजी चिरायला बसली की उठे, कपडे वाळत घालताना अर्ध्यातून आत येई. कुंडलिकनं, तिच्या नवऱ्यानं, शेवटी विचारलं तेव्हा तिनं सत्यभामाकाकींचं मागणं सांगितलं. त्याला त्यात अडचण दिसेना. दोन मिनिटं केस सोडायचे, गोळी घे म्हणायचं, पोरगी वाचेल. "तुझं काय जातंय?" तो म्हणाला. प्रेमाचं काही जात नव्हतंच. उलट तिच्या मनानं ते शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते, आणि आपल्याला ते किती सहज जमेल याचीच तिला भीती वाटत होती. आज देवीनं गोळी चालू केली, उद्या कोणाच्या तरी कुकरच्या घाईत देवी ती बंद करेल.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. त्या लगेच नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर प्रश्न मिटला असता. पण संघमित्रा बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार, प्रेमाताई. पोरीची गोळी सोमवारपर्यंत सुरू व्हायला हवी, एवढंच मला कळतं."

त्या दिवशी शुक्रवार होता. प्रेमा दवाखान्यातून निघाली ती घरी गेलीच नाही. पुलावरून चेक नाक्यापर्यंत चालत गेली, तिथून परत आली, पुन्हा गेली. ऊन डोक्यावर होतं. तिसऱ्यांदा पुलावर आली तेव्हा पायच समोरच्या चाळीकडे वळले.

सत्यभामाकाकी तांदूळ निवडत होत्या. प्रेमा आली म्हणताच त्यांनी पाट मांडला, हळद-कुंकवाची वाटी काढली. प्रेमा पाटावर बसली नाही. जमिनीवर, काकींच्या समोर बसली आणि बोलायला लागली. अनुपमा कशी आली, काय विचारलं, आपण काय सांगितलं, ते सगळं.

"तेव्हा देवी नव्हती, काकी. मला घाई होती. मी बोलले, आणि ती मेली."

काकींना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा आवळत गेला. देवीचं नाव घेऊन असलं बोलवतं कसं, जीभ झडत नाही का, असं त्या म्हणत राहिल्या. प्रेमा तरीही गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवत होती. काकींनी ते ढकललं.

"भायर जा. माज्या घरातसून भायर जा तू."

प्रेमा उठली. आतल्या पडद्याआड खोकला ऐकू आला, दाबलेला.

शनिवार गेला, रविवार गेला. काकींचा विश्वासही गेला आणि पोरीची गोळीही गेली, असं तिला वाटत होतं. दोन मिनिटं केस सोडले असते तर? कुंडलिकला सगळं कळलं होतं. चाळीला कळलं होतं. नळावर तिची बादली आली की बायका आपापल्या बादल्या उचलून निघायच्या. सोमवारी ती सकाळीच दवाखान्यात जाऊन उभी राहिली. साडेअकरा झाले. मग श्रुतिका आली, तोंडाला ओढणी लावून. सुयोग फाटकाशीच थांबला होता, रस्त्याकडे तोंड करून.

गोळ्या घेताना प्रेमानं तिला विचारलं, सासूबाई तयार झाल्या का.

"नाहीत. त्या बोलत नाहीत माझ्याशी." श्रुतिका पाणी प्यायली. "पण ताई, मी आतून सगळं ऐकलं. एका मरणाला तुम्ही स्वतःचं नाव लावलंत. खोटं बोलायचं असतं तर सोपं काहीतरी बोलला असतात ना."

त्याच आठवड्यात प्रीतम आला. अनुपमा गेल्यावर तो मुलुंडला बहिणीकडे राहायला गेला होता. बातमी तिथवर पोचली. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. प्रेमानं आत ये म्हटलं नाही, तिला धीर झाला नाही. त्यानं विचारलं, खरं का. ती म्हणाली, खरं. तो चपलेनं जमीन उकरत राहिला.

"वहिनी, अनुपमाला काही विचारायचंच नव्हतं," तो म्हणाला. "मीच घेऊन आलो. रोज उलट्या करायची, मला बघवत नव्हतं. कोणीतरी पुरे म्हणावं असं मलाच वाटत होतं."

एवढं बोलून तो गेला. माफ केलं म्हणाला नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

श्रुतिकाचे सहा महिने ऑगस्टमध्ये पुरे झाले. थुंकी साफ निघाली. सत्यभामाकाकींनी गावी देवीला साडी पाठवली आणि चाळीत सांगितलं की त्या दिवशी प्रेमाच्या तोंडून बोलली ती देवीच, आपली परीक्षा पाहिली. काही बायकांना ते पटलं. एक जण मंगळवारी नारळ घेऊन दारात आलीसुद्धा. प्रेमानं तिला नारळासकट आत घेतलं, बसवलं, आणि अनुपमाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. बाईला ती आवडली नाही. तिच्या नवऱ्याला दम लागतो, हे मात्र जाता जाता तिच्या तोंडून निघालं. प्रेमानं वही उघडली, खोली क्रमांक विचारला, आणि चपला घालून तिच्याबरोबरच निघाली.