उस्तादमामानं न मारलेलं प्यादं

बुद्धिबळाच्या पटासमोर मामा स्वतःच्या हातांवर बसायचा. अक्षरशः. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. "डोकं शहाणं आहे गं, हात येडे आहेत," म्हणायचा. हात बाहेर आला की समजायचं, खेळी ठरली. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला उस्ताद म्हणत, म्हणून माझा उस्तादमामा. आईचा हा धाकटा भाऊ. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. आई गेल्यावर तो, आजोबा आणि मी असे तिघेच घरात उरलो.

मी त्याला कायम दमलेलाच पाहिला. रजा जमवून स्पर्धेला जायचा, परत आला की जिन्याच्या पायरीवरच बसून बूट काढायचा. "कितवा आलास?" विचारलं की "हौ, घरी आलो ना!" एवढंच उत्तर. हरला तरी रडगाणं नाही. "समोरचा पण थकला होता, पण माझ्यानंतर थकला," म्हणायचा आणि ताटावर बसायचा. मला चीड यायची. अरे, जरा तरी आदळआपट करावी माणसानं!

खेळ त्याला शिकवला आजोबांनी. आजोबा मराठवाड्यातली शेती सोडून अफझलगंजच्या एका धान्याच्या दुकानात लागले होते. तिथे पोत्यांवर कापडी पट पसरून देशी बुद्धिबळ चाले. त्या खेळात समोरच्याचं शेवटचं मोहरं मारून त्याचा राजा एकटा पाडला की बुर्जी होते. मग जिंकत आलेला डावही बरोबरीत जातो. आजोबांना त्यात नियमापेक्षा लाज जास्त वाटे. लहानपणी मामानं एकदा बुर्जी केली, तर त्यांनी पटच गुंडाळून ठेवला. "लेकरा, माणसाला असं उघडं पाडू नये." स्पर्धांच्या खेळात ही भानगडच नाही, तिथे राजा एकटा पाडून खुशाल मात करावी. ते सगळं मामा पुढे पुस्तकांतून शिकला.

आजोबांचं मागणं एकच होतं. "देशात पहिला ये. दुसरा आलास तर मला सांगूच नको." ते हसत म्हणायचे. मामा हसायचा नाही. चाळिशी उलटली तरी त्याच एका गोष्टीसाठी तो हाडं झिजवत होता.

आणि मग तो राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा डाव आला. जिंकला तर पहिला, बरोबरी झाली तर दुसरा. मी मोबाइलवर बघत होते आणि नजर गेलेल्या आजोबांना एकेक खेळी सांगत होते. पाच तास उलटून गेलेले. समोरच्याकडे राजा आणि एक प्यादं, मामाकडे राजा आणि हत्ती. ते प्यादं हत्तीच्या तोंडाशी उभं. मारलं की संपलं, शाळेतलं पोरही पुढची मात करील. समोरचा तर हार मानून कागदावर सही करायला पेन हातात घेऊन बसला होता.

मामानं प्यादं मारलं नाही. हत्तीनं नुसता शह दिला.

"अहो, मारलं नाही त्यानं!" मी ओरडले.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" आजोबांनी मांडीवर थाप मारली.

शह चुकवून समोरचा राजा प्याद्याजवळ जाऊन बसला. प्यादं पुढे सरकत राहिलं. वजीर होऊ नये म्हणून शेवटी मामाला हत्ती देऊन ते मारावं लागलं. पटावर दोन्हीकडे नुसते राजे. बरोबरी. मी मोबाइल आपटला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आजोबा तर आता जिंकलाच असं धरून समाधानानं आडवे झाले होते, त्यांना उठवून सांगण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

मामा चषक घेऊन आला. "काय झालं रे तुला?" मी दारातच विचारलं. "हात गेलाच नाही गं," म्हणाला. आजोबांनी चषक दोन्ही हातांनी चाचपला. "पहिला ना?"

मामा भिंतीला टेकला. नाही म्हणायचं तर का नाही तेही सांगायला लागलं असतं. या नव्वदीच्या माणसाला सांगायचं, की तुमच्या शिकवणुकीनं घात केला?

"हौ, पहिला," तो म्हणाला.

त्यानंतर त्याला स्पर्धेला जाता आलं नाही. पिशवी भरायला घेतली की आजोबा म्हणत, "आता काय मिळवायचं राहिलंय? बस की घरी निवांत." मामा पिशवी रिकामी करायचा. पुन्हा खेळला असता तर एखाद्या वर्षी खरंच पहिला आला असता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. मला राग येतो. कुणाचा, ते मात्र ठरत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात ऑफिसच्या खुर्चीतच तो गेला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला आजोबा सांगत होते, "देशात पहिला आला होता माझा पोरगा. विचारा हिला." त्याचे खेळणारे मित्रही बसले होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हो आजोबा," मी म्हणाले, "पहिला."