पेचकसताईंनी बदललेला प्रोसेसर

पेचकसताई कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नसत. इतर बायका वाटीत काहीतरी झाकून नेतात. ताईंच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला पेचकस, म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर, असे. हळदीकुंकवालासुद्धा. कुंकू लावून घेतलं की त्यांची नजर घरभर फिरायची आणि एखाद्या ढिल्या कडीवर जाऊन थांबायची. "बघू का जरा?" असं विचारायच्या खऱ्या, पण तोवर स्टूल ओढलेलं असायचं.

दिल्लीच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. नोएडाला आमच्याच सोसायटीत समोरच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहायच्या. त्यांची नोकरी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सरली, माझा संसार सरोजिनी नगरच्या. त्यामुळे ओळख व्हायला दोन मिनिटं पुरली. "म्हणजे तुमच्याही न्हाणीघराला खिडकी नव्हती," असं म्हणून त्यांनी मला आपल्यात घेतलं.

आमचे हे गेल्यावर माझ्या घरात माणसाचा आवाज एकच उरला होता, रविवारी सकाळी कॅनडाहून येणारा नातीचा. फोनवर मला तिचं तोंड दिसेना, म्हणून ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर बोलायचो. तर तोही मेला मधेच गोठायचा. "आजी, आज ना मी..." म्हणून नात जे तोंड उघडायची, ते उघडंच राहायचं. मुलगा म्हणाला, "आई, फेक तो डबा. मी नवीन पाठवतो." मी ऐकलं नाही. आमच्या घरात ह्यांनी स्वतः पसंत केलेली ती एकच वस्तू. बाकी सगळ्याला, ह्यांच्या शर्टांसकट, पसंती माझी.

ताईंनी तपासून निकाल दिला, "नेट बिल्कुल ठीक आहे. प्रोसेसर थकलाय. बदलू."

"अहो, बदलायचा नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" मी कळवळले. त्या अख्ख्या डब्यालाच प्रोसेसर म्हणतात अशी माझी समजूत. आजीबाई झाले होते, पण अक्कल यायची होती.

"वहिनी, प्रोसेसर आत असतो. बिस्किटाएवढा."

पण कुठलंही बिस्किट चालत नाही म्हणे. ताईंना सगळं जग सरकारी क्वार्टरच्या भाषेत समजायचं. "कंपनीचं तयार मशीन म्हणजे क्वार्टर. भिंत पाडायची नाही, खोली वाढवायची नाही. त्या टाइपच्या क्वार्टरमध्ये जो मोठ्यात मोठा साहेब बसतो, तोच आणायचा." तसा एक जुनाच पण तगडा साहेब त्यांनी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून शोधून आणला. तो आला तरी लगेच बसवेनात. आधी मशीनच्या पोटातला कसलासा प्रोग्राम नवा करत बसल्या. मी घाई केली, तर म्हणाल्या, "गेटवरच्या बाबूला आधी कळवावं लागतं, नवे साहेब येताहेत म्हणून. नाहीतर तो आत घेत नाही."

मग डबा उघडला. आतला पंखा लालभडक. पात्यांत अक्षता अडकलेल्या.

"वहिनी, हे काय?"

"दसऱ्याची पूजा." हे दरवर्षी खंडेनवमीला पेनाची आणि स्कूटरची पूजा करायचे. कॉम्प्युटर आल्यावर ते काम मी अंगावर घेतलं. वरच्या जाळीतून चांगलं चिमूटभर हळदकुंकू सोडायची, म्हणजे थेट आतल्या देवाला पोचेल. वर स्वतःचं कौतुक, की बघा, कशी आधुनिक बाई!

"अरे यार," ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "नशीब, नारळ नाही फोडलात!"

दुपारभर त्यांनी ब्रशनं माझी भक्ती झाडून काढली. जुना प्रोसेसर काढून माझ्या तळहातावर ठेवला, "हे साहेब रिलीव्ह झाले." नव्यावर मोहरीएवढी पांढरी पेस्ट लावली. मी म्हटलं, "हात जरा सैल सोडा की." त्या म्हणाल्या, "ही पुरणपोळी नाही."

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. झालं! ह्यांची वस्तूही गेली आणि नातीचा आवाजही. ताईंचाही चेहरा उतरला होता, पण बोलल्या ठसक्यातच, "थांबा. साहेब पहिल्या दिवशी उशिरा येतात." मशीन आपणच बंद झालं, आपणच सुरू झालं आणि पडद्यावर उजेड आला. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो होतो, हे नंतर लक्षात आलं.

त्या रविवारी नात अखंड बोलली. पण पुढचे काही दिवस ताई फिरकल्याच नाहीत. जिन्यात भेटल्यावर मी रागावले, तर म्हणाल्या, "मशीन चालतंय ना? मग काय काम?" आणि हसून, "काम नीट केलं की हाच तोटा. परत कोणी बोलवत नाही." घरोघरी पेचकस का फिरतो, ते मला तेव्हा उमगलं.

दुसऱ्याच दिवशी मी मशीनची मागची वायर उपटली आणि फोन केला. ताई आल्या. वाकून पाहिलं. वायर हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते.

"केस गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "आधी चहा लागेल."

मग माझं मशीन आठवड्यातून एकदा हटकून बिघडू लागलं. ताई वायर खोचायच्या आणि संध्याकाळपर्यंत बसायच्या. खरं कारण ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. एवढ्या वयाच्या बायकांनी "करमत नाही, या" म्हणायचं म्हणजे जीभ अडते.

गुडघे गेल्यावर भाच्यानं त्यांना इंदूरला नेलं. मी तिकडे फोन लावू लागले. "ताई, आज फार आवाज करतंय हो." त्या तासभर चौकशी करायच्या, आवाज कसा, कधी, उजवीकडून की डावीकडून. मी एकेक लक्षण रचून सांगायची. समोर मशीन बिचारं निमूट चालत असायचं.

एकदा फोन भाच्यानं उचलला. ताई पहाटेच गेल्या होत्या. पोरगा भला. म्हणाला, "मावशी तुमच्या कॉम्प्युटरची फार काळजी करायची. काकू, काही बिघडलं असेल तर सांगा, नोएडात माझा एक मित्र आहे, त्याला पाठवतो."

"नको रे बाळा," मी म्हटलं. "काही बिघडलेलं नाही. अगदी छान चाललंय."