शिडी कोणाच्या हातात

घमेलं हातातून हातात जात होतं. विहिरीच्या काठापासून बाभळीपर्यंत आम्ही सगळे रांगेत उभे होतो आणि गाळानं भरलेलं घमेलं एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकत होतं. माझ्या अलीकडे लाकडाचा ठेकेदार उभा होता. त्यानं घमेलं घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते माझ्या पायाशी जमिनीवर ठेवलं.

मी हात पुढे केलेले होते. ते तसेच राहिले.

पुढचं घमेलंही जमिनीवर. त्याच्या पुढचंही.

मी वाकून उचलायचो. माझ्या पलीकडे एक मास्तर होते. मी त्यांच्याकडे वळलो की ते एक पाऊल मागे सरायचे आणि म्हणायचे, "ठेवा, ठेवा खाली." ती साखळी सर्वत्र अखंड होती. फक्त माझ्या दोन्ही बाजूंना तुटलेली होती. रांगेतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं आणि कोणालाही दिसत नव्हतं. देशसेवेचं गाणं चालू होतं.

मी कोण, हे इथे नमूद करणं आवश्यक आहे. मी अर्जनवीस आहे. तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली माझी पेटी असते. शिक्षण सातवीपर्यंत. परंतु माझ्या मसुद्यात दुरुस्ती करण्याची वेळ या तालुक्यातल्या एकाही वकिलावर आजवर आलेली नाही. जंगलखात्यानं ज्यांची बैलं धरली, ज्यांची शेतं अतिक्रमण ठरवली, त्यांचं दुःख साहेबांच्या टेबलावर पोचलं ते माझ्या अक्षरांतून. माझा बाप मेलेली ढोरं ओढायचा. त्यानं दीक्षा घेतली, त्या दिवशी ते काम सोडलं, आणि मला पाटी आणून दिली. त्या पाटीचा मी मान राखला, असं मी समजत होतो.

पावसाळ्यात निंबाखाली बसता येत नाही. शाई पसरते, कागद भिजतो, पक्षकार निघून जातो. मला कचेरीच्या व्हरांड्यात जागा हवी होती. सेवामंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब मला म्हणाले होते, "शनिवारी संध्याकाळी श्रमदानाला या. तहसीलदारसाहेब येणार आहेत. तुमचं काम बोलता बोलता होऊन जाईल."

म्हणून मी गेलो. धुतलेला पांढरा कोट घालून गेलो.

आलापल्लीच्या रस्त्याला सागाच्या जंगलाला लागून ते गोंडांचं गाव आहे. गावाला विहीर एकच, आणि ती गाळानं बुजलेली. बाया नाल्याच्या रेतीत झिरे खणून पाणी भरत होत्या. उन्हाळा डोक्यावर होता. मंडळाचे लोक ट्रकनं आले. त्यांच्यासोबत कापडी फलक होता, फोटोवाला होता, आणि दुधाच्या मोठ्या डब्यात त्यांचं स्वतःचं पिण्याचं पाणी होतं. गावातले दोन गडी दुपारपासून विहिरीच्या तळाशी खणत होते. ते थकून वर आले तेव्हा ऊन कलत होतं, आणि पाणी अजून लागलं नव्हतं.

ठेकेदार सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, "अर्जनवीस, तुमी इथी काऊन उभे राहून राह्यले? खाली उतरा ना. तुमच्या लोकायले सवय असते घाणीत हात घालाची."

लोक हसले. मास्तरही हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही उतरलात तर काम उरकेल. साहेब येईपर्यंत पाणी लागलंच पाहिजे हो."

मी कोट काढून बाभळीला टांगला आणि बांबूच्या शिडीनं खाली उतरलो. ती शिवी ऐकून उतरलो. व्हरांडा डोळ्यांसमोर ठेवून उतरलो.

तळाशी काळा, सडका गाळ होता. पहार घेऊन मी दगडाच्या सांध्यात घाव घालत राहिलो. दोर खाली यायचा, मी घमेलं भरायचो, घमेलं वर जायचं. वरचा प्रत्येक हात माझ्या हातून भरलेलं घमेलं आता निमूटपणे धरत होता. मग दगड सुटला आणि भेगेतून पाणी उसळलं. आधी मातकट. मग निवळ. थंड.

काठावरून जंगूबाई वाकली. त्या गावची म्हातारी. पूर्वी तिचा बैल जंगलखात्यानं धरला तेव्हा अर्ज मीच लिहिला होता.

"लागलं का पानी, भाऊ?"

"लागलं, बाई."

"मंग पी ना! पाहत काय बसला? झरा जो फोडते त्यानंच पयलं पानी प्यावं लागते. आमच्या गावची रीत हाये. दुसऱ्यानं पेलं त झरा रुसते."

मी ओंजळ भरली आणि प्यालो. दुसरी ओंजळ भरत होतो, तेवढ्यात वर ठेकेदाराचं तोंड दिसलं.

"अरे, यानं तोंड लावलं! साहेबाच्या हातानं कलश भराचा होता. यानं बाटवून टाकली ना विहीर!"

जंगूबाई म्हणाली, "विहीर आमची. तुमचं काय बाटलं? तुमी त आपलं पानी डब्यात घेऊन आले."

 ठेकेदारानं शिडी धरली आणि वर ओढून घेतली.

त्यानंतर पहिलं घमेलं आलं. भरलेलं. जो गाळ मी वर पाठवला होता, तोच माझ्या डोक्यावर परत आला. डोळे गेले, तोंड भरलं. मी भिंतीला चिकटलो. दुसऱ्या घमेल्यात दगड होते. एक भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं आणि वरचं गोल आभाळ लाल झालं. कोणीतरी ओरडलं, "अजून दे!" तो मास्तरांचा आवाज होता. त्यांच्या दरखास्ती मी लिहिलेल्या आहेत. तो आवाज मी ओळखतो.

पाणी घोट्यावर आलं. मग पोटरीवर. झरा चांगला होता. मीच फोडला होता.

वकीलसाहेब काठावर उकिडवे बसले. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "साहेबांची जीप येतेय. हात जोडा आणि चूक झाली म्हणा. एवढंच. शिडी लगेच सोडतो. व्हरांड्याचं लक्षात आहे ना?"

हात जोडणं हा माझा धंदा आहे. मायबाप सरकार, गरिबावर दया करावी, आपला आज्ञाधारक. ही वाक्यं मी झोपेतही लिहू शकतो. शेकडो लोकांच्या वतीनं मी कागदावर हात जोडले आणि त्याला मी विद्या समजलो. त्या विहिरीत, गुडघाभर पाण्यात, मला उमगलं की ज्यांच्यापुढे मी ते हात जोडत आलो, ते सगळे या काठावर उभे आहेत. आणि शिडी त्यांच्या हातात आहे. माझं अक्षर कितीही वळणदार असलं तरी शिडी त्यांच्याच हातात राहणार आहे.

मी म्हणालो, "शिडी सोडा."

"आधी माफी."

"नाही मागत."

"मग मर तिथंच," ठेकेदार म्हणाला, आणि तिसरं घमेलं उपडं केलं.

जंगूबाईनं शिडीला हात घातला. त्यानं तिच्या तोंडावर अशी चपराक मारली की त्या आवाजानं गाणं थांबलं. ती पडली. उठली. ओठातून रक्त गळत होतं. तिनं रिकामं लोखंडी घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या थोबाडावर हाणलं. मग गावातल्या सगळ्या बाया धावल्या. वर काय झालं ते मला दिसलं नाही. शिव्या ऐकू आल्या. हाडावर लाकूड बसल्याचा आवाज आला. आणि शिडी खाली आली.

मी चढलो. उजवा हात काठावर टेकला, तेवढ्यात ठेकेदाराचा बूट माझ्या बोटांवर पडला. त्यानं टाच फिरवली. दोन बोटं मोडली. लेखणी धरायची बोटं. मोडताना आवाज होतो. वाळकी काडी मोडल्यासारखा.

मी किंचाळलो. हे लपवत नाही. मग डाव्या हातानं तोच बूट धरला आणि सगळं अंग लोंबकळून ओढलं. माझ्यावर वाकलेल्या त्याचा तोल गेला आणि तो काठावर पालथा आदळला. त्याचं डोकं आणि खांदे विहिरीत लोंबू लागले. मी वर आलो, त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि त्याची मान पकडली. खाली माझं पाणी चमकत होतं. एक धक्का पुरेसा होता. तो रडत होता. "सोड ना भाऊ, सोड ना." भाऊ! आता मी भाऊ झालो होतो.

मी त्याला ढकललं नाही. दया आली म्हणून नाही. ते पाणी जंगूबाईच्या गावाला उद्या प्यायचं होतं.

त्याला मी ओढून जमिनीवर ठेवलं. त्यानं घमेलं ठेवलं होतं तसं.

तहसीलदारसाहेब आले तेव्हा गॅसबत्ती लागली होती. माझा कोट चिखलात तुडवला गेला होता. साहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि वकीलसाहेबांना विचारलं, "काय गडबड आहे?"

"काही नाही, साहेब. किरकोळ बाचाबाची. उत्साहाच्या भरात होतं."

"बरं. कार्यक्रम चालू द्या."

कलश भरला गेला. फोटो निघाला. झटापटीत माझ्या रक्ताचा डाग लागलेला तो कापडी फलक गुंडाळून ट्रकमध्ये टाकला गेला.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब माझ्या घरी आले. ठेकेदारही तक्रार करणार आहे, बायांनी त्याला मारलं आहे, सगळे अडकतील, असं ते म्हणाले. मी गप्प राहिलो तर व्हरांड्यातली जागा नक्की. त्यांनी मला खुर्चीवरून उठून नमस्कार केला. माझ्या घरात त्यांनी पाणी घेतलं नाही.

मी त्यांना दार दाखवलं. मग जंगूबाई आणि त्या सगळ्या बायांसोबत ठाण्यात गेलो. फौजदार लिहून घेईना. तेव्हा मीच कागद मागितला आणि डाव्या हातानं, लहान पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात, आयुष्यातला पहिला स्वतःचा मजकूर लिहिला. त्यात मायबाप नव्हतं. दया नव्हती. आज्ञाधारक नव्हतं. कोणी, कोणाला, कशानं मारलं, आणि कोणती जात काढून मारलं, एवढंच होतं. खाली माझी सही. त्याखाली जंगूबाईचा अंगठा.

बोटं वाकडीच जुळली. मी अजून निंबाखाली बसतो. पाऊस आला की भिजतो. माझ्याकडे येणाऱ्याला पहिल्यांदा सांगतो, की हात जोडलेला अर्ज इथे लिहून मिळणार नाही. तसा हवा असेल तर दुसरीकडे जा. काही जातात. जाऊ देत.

विहिरीत मी पुन्हा उतरेन. गाळ काढायची मला लाज नाही. पण यापुढे मी कुठेही उतरलो, तर आधी काठावर पाहीन. शिडी माझ्या माणसांच्या हातात असेल, तरच उतरेन. आणि दुसऱ्या कोणी ती ओढायचा प्रयत्न केला, तर त्या वेळी मी खालच्या पाण्याचा विचार करत थांबणार नाही.