उत्तमची कंपनी फिटिंग

फोन भर दुपारी आला, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. उत्तम भगत गेला. यवतमाळहून दारव्ह्याला सवाऱ्या घेऊन येत होता. छातीत कळ आली तशी त्यानं व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागं वळून "थांबा जरासे" म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. जो तो सांगत होता, काय माणूस होता बघा, जाता जाताही सवाऱ्यांना खरचटू दिलं नाही. खरं सांगायचं तर मला रडू नंतर आलं, आधी आली ती चीड. नागपूरच्या डॉक्टरनं या माणसाला स्पष्ट सांगितलं होतं की छाती उघडून ऑपरेशन करून घे, पुन्हा गाडी चालवशील, नातवंडं खेळवशील. आणि हा बाबा 'उघडायचं नाही' एवढं एकच धरून बसला होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चारजण त्याच्याविषयी चांगलं बोलले. मला माईक दिला तेव्हा मी हातानंच नको म्हटलं. माझ्या तोंडून शिवीच निघाली असती. आता काही आठवडे गेलेत, डोकं जरा थंड झालंय असं वाटतं, म्हणून लिहायला बसलोय. पण काही खरं नाही.

उत्तम आणि मी एका वर्गातले. माझं दारव्ह्याला स्टँडजवळ गाड्यांच्या ऑइलचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे. तो जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाची ती वाईट वर्षं आली, माल येईना, भाव मिळेना, जिनिंगचे पट्टे महिनोन्महिने हलले नाहीत, आणि एक दिवस गेटला कुलूप लागलं. उत्तमनं रडारड केली नाही. यवतमाळच्या एका मास्तरांकडून जुनी पेट्रोल व्हॅन घेतली आणि सवाऱ्या मारायला लागला. व्हॅन घेतली त्या दिवशी पेढे घेऊन दुकानात आला होता. मी विचारलं, "गाडी कशी आहे बे?" तर म्हणाला, "कंपनी फिटिंग आहे राजा. एक नट ढिला झाला नाई आजवर." आमच्याकडे जुन्या गाडीची याहून मोठी तारीफ नाही. इंजिन एकदा उघडलं की गाडीची इज्जत गेली, मग कितीही चांगल्या मिस्त्रीनं बसवू दे, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, असं लोक छातीठोकपणे सांगतात. यात तथ्य किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. उत्तम जन्मभर मशिनी उघडत आलेला माणूस, पण स्वतःच्या गाडीपाशी आला की त्याचंही डोकं तिथंच अडकायचं.

दोन-तीन वर्षांत व्हॅन ऑइल प्यायला लागली. सकाळी चालू केली की मागून निळा धूर निघायचा, मग थोड्या वेळानं विरायचा. घाट उतरून पुन्हा पाय दाबला की परत धूर. आमचा मिस्त्री रफिकभाई नुसता आवाज ऐकून म्हणाला, "व्हॉल्व्हचे सील गेले, उत्तमभाऊ. रबरं असतात बारीक, कडक झाली असतील. इंजिनाचं हेड खोलू, बदलू, खेळ खलास." उत्तम गाडीत बसला आणि निघून गेला. त्यानंतर पुरा एक हंगाम त्यानं काय करावं? ट्रॅक्टरचं ऑइल ओतत राहिला! आमच्याकडे घरोघरी तो डबा असतोच, पंपाला तेच, ट्रॅक्टरला तेच, आणि जिनिंगमध्ये सगळ्या मशिनींना एकच जाड ऑइल घालायची त्याला सवय. जाड असलं की कमी जळेल, एवढा साधा हिशोब. मला पत्ताच नव्हता. मला कळलं ते पीयूसीवाल्यानं त्याला दम दिला तेव्हा. या वेळी कसाबसा पास केला, म्हणाला, पुढच्या खेपेला असाच धूर दिसला तर कागद मिळणार नाही. आणि कागद नाही तर सवाऱ्या नाहीत.

तसा तो माझ्याकडे आला, चेहरा पाडून. वाटेत कोणीतरी त्याला फुकटचा सल्लाही दिला होता की सायलेन्सरच्या आत धूर साफ करणारी जाळी असते ती सळई घालून फोडून टाक, गाडी पळायला लागेल. उत्तमला ते पटलं नव्हतं, आणि का पटलं नव्हतं? तर जाळीसुद्धा कंपनी फिटिंग! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "लेका, एवढी अक्कल आहे तर ट्रॅक्टरचं ऑइल कायले ओतून राह्यला?" मग त्याला स्टुलावर बसवून नीट सांगितलं. जे ऑइल इंजिनातच राहतं त्याची गोष्ट वेगळी. तुझं इंजिन ऑइल जाळतं, म्हणजे तू जे वर ओततो ते जळून त्या जाळीतूनच बाहेर पडतं. ट्रॅक्टरच्या ऑइलात डिझेलच्या काजळीशी लढायला भरपूर मसाला घातलेला असतो. तो जळला की मागे राख उरते, राखेनं जाळीची भोकं बुजतात, आणि त्यातल्या फॉस्फरसचा थर बसला की जाळी आंधळी होते, मग धूर तसाच्या तसा बाहेर. म्हणून तुझ्यासारख्यानं इंजिनाकडे पाहून ऑइल घ्यायचं नाही, जाळीकडे पाहून घ्यायचं. पेट्रोल गाडीचंच, कमी राखेचं, गाडीच्या पुस्तकात जेवढं चालतं तेवढंच जाड, त्याच्यावर नाही. महाग पडेल, पडू दे. आणि शेवटी हेही सांगितलं, दुकानात दोन गिऱ्हाइकं होती त्यांच्यासमोर सांगितलं, की ही मलमपट्टी आहे. यानं जाळी वाचेल, सील बरे होणार नाहीत. ते उघडूनच बदलावे लागतील. त्यानं मान डोलावली. पण त्यानं यातलं अर्धंच ऐकलं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

त्या अर्ध्या गोष्टीवर मात्र त्यानं असा संसार मांडला की विचारू नका. रोज सकाळी ऑइल मोजायची दांडी काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची, उन्हाकडे धरून पाहायची. डबा सीटखाली. दुसऱ्या दुकानचं ऑइल असेल तर पाहुण्याच्या गाडीतही ओतू द्यायचा नाही. एकदा फुलसावंगीला लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेला, डबा घरी विसरला होता, तर ट्रॅक्टरचं ऑइल समोर असताना मला फोन! "तुझंच पाठव कोनाच्या तरी हाती, मी थांबतो." नवरदेव ताटकळला, हा थांबला. पुढची पीयूसी पास झाली, त्याच्या पुढचीही झाली, आणि उत्तम चारचौघांत माझं नाव घेऊन सांगायला लागला की सुधाकरच्या ऑइलनं गाडी वाचली. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "अबे, जाळी वाचली, गाडी नाही." तो हसायचा. त्याचं ते हसणं आठवलं की अजूनही डोकं फिरतं.

त्याच वर्षांत शहरांतून पाहणीवाले यायला लागले. कापसाचं काय झालं, माणसं का खचली, हे विचारायला गावोगाव फिरायचे, आणि फिरवायला उत्तमची व्हॅन लावायचे. संध्याकाळी तो दुकानात यायचा तो वैतागूनच. "घरची बाई बिचारी बोलून राह्यली, अन् हे घड्याळ पाहून राह्यले. चार प्रश्न इचारले की निघाले. मी सांगतो तुले, दांडी पाहून जाते हे लोक. इंजन उघडून कोनी पाहात नाई!" मी म्हटलं, "अन् तू काय वेगळं करतो?" तर तो चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडी, पुन्हा फडकं.

मग त्याची छाती दुखायला लागली. जिना चढला की थांबायचा, गाडीला टेकून उभा राहायचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, हे मान्य करतो, एका दिवसात सोडला. सुलोचना वैनी, त्याची बायको, मागे लागल्या तेव्हा कुठं नागपूरला गेला. तिथं तपासण्या झाल्या आणि डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. परत आला तो सरळ दुकानात, आणि मला विचारतो काय... "सुधाकर, भाजीले तेल कोनतं बरं, सोयाबीनचं का जवसाचं?" मला आधी हसू आलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू विरून गेलं. म्हटलं, "ऑपरेशन कधी आहे?" म्हणाला, "नाई करत. गोया देल्या ना त्यानं, त्या घेतो. तेल बदलतो. चालते." मी ओरडलोच. "डॉक्टरनं काय सांगतलं ते सांग!" तो शांतपणे म्हणाला, "मी कंपनी फिटिंग मानूस आहो. एकडाव उघडला की पयल्यासारखा राहात नाई. जिनिंगमधी पायलं ना मी, उघडलेली मशीन घडीघडी उघडाच लागते." मी म्हटलं, "तू मशीन आहे का बे?" तर माझ्याच तोंडावर माझेच शब्द फेकले. "तूच तं म्हनला होता, बरोबर ऑइल टाकलं की निभते. निभलं ना?"

काय बोलणार अशा माणसाला! मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, मलमपट्टीचंही सांगितलं. वैनींनी जेवण सोडून पाहिलं. रफिकभाई घरी जाऊन बसला. त्याच्या मोठ्या भावानं हात जोडले. तो सगळ्यांना चहा पाजायचा, सगळ्यांचं ऐकायचा आणि सकाळी गाडी काढायचा. कधीकधी वाटायचं, भीती वाटत असेल गड्याला, म्हणून फिटिंगच्या आड लपतो. एकदा विचारलंही, "उत्तम, घाबरला का?" तो म्हणाला, "घाबरत कोन नाई?" एवढंच. मग गाडीचा आरसा पुसायला लागला. मी त्या दिवशी त्याला हाताला धरून नागपूरच्या बसमध्ये बसवायला हवं होतं म्हणता? बसवून पाहिलं होतं. कळंबला उतरून परत आला.

परवा वैनी दुकानात आल्या. गाडी विकायची नाही, धाकटा दीर चालवणार आहे, पण धूर काढून टाका म्हणाल्या. मी चाचरतच म्हटलं, "त्यासाठी उघडावं लागेल, वैनी." त्या म्हणाल्या, "उघडा. मले पाहाचं आहे आत काय होतं ते." रफिकभाईनं हेड खोललं तेव्हा त्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसून होत्या. आत सगळं शाबूत. सिलिंडर गुळगुळीत, कुठं ओरखडा नाही. सायलेन्सरची जाळी काढून पाहिली, तीही मोकळी, माझ्या ऑइलनं आपलं काम चोख केलं होतं. गेली होती ती फक्त रबरं. रफिकभाईनं ती तळहातावर धरून दाखवली, दगडासारखी झालेली, करंगळीच्या टोकाएवढी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी घालून, हेड बसवून त्यानं चावी फिरवली. वैनी मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि सायलेन्सरकडे पाहत राहिल्या. धूर आला नाही.

"एवढंच होतं का, भाऊजी?" त्यांनी मला विचारलं.

मी रफिकभाईकडे पाहिलं. रफिकभाईच म्हणाला, "हौ भाभी, इतलंच होतं. आता पहिल्यापेक्षा चांगली चालते."

वैनी पुढे आल्या, आमच्याकडे न पाहता बॉनेटवर दोन्ही हातांनी धपाधप मारायला लागल्या. "उघडू द्याचं होतं ना हो तुमी! एकडाव उघडू द्याचं होतं!"

रफिकभाईनं इंजिन बंद केलं.