व्याह्यांच्या गाडीचा धूर

भाव न करता अख्खं आयुष्य काढलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला! मी साताऱ्याकडून तुर्भ्याच्या बाजारात आलो तो पाठीवर कांद्याच्या गोणी वाहायला. आज माझा स्वतःचा गाळा आहे, तो निव्वळ जिभेच्या जोरावर. देवळाबाहेर नारळ घेतानासुद्धा मी दोनदा पाठ फिरवून चालू लागतो. अशा माणसाने मुलीच्या लग्नाच्या बैठकीची काय तयारी केली असेल! हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, कुठल्या मुद्द्यावर चिडायचं आणि कुठल्या मुद्द्यावर उठून चपला घालायच्या, सगळं ठरवून गेलो होतो. समोर हे चित्रकलेचे निवृत्त मास्तर, चहात बिस्कीट बुडवत बसलेले. मी पहिला मुद्दा काढला. म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." दुसरा काढला. "तुम्ही म्हणाल तसं." तेवढ्यात बिस्कीट कपात पडलं आणि बैठक संपली! सगळं माझ्या मनासारखं झालं, आणि मी घरी आलो तो हरलेल्या पैलवानासारखा. तो राग अजून गेलेला नाही.

बरं, गरीब गाय म्हणावं तर तसंही नाही. एका बाबतीत हा माणूस जगाचं ऐकत नाही, ती म्हणजे त्यांची गाडी. कार्बोरेटरच्या जमान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली, त्यांच्या मुलाहून, म्हणजे माझ्या जावयाहून, वयाने मोठी. खांदेश्वरला त्यांच्या सोसायटीत ऊन जसं सरकेल तशी ते गाडी सरकवतात. पूल चढून आल्यावर बाजूला थांबतात, कारण "तिला दम लागलाय". पाम बीच रोडवर इतकी सावकाश चालवतात की मागचे लोक हॉर्न वाजवून थकतात; यांना वाटतं ओळखीचं कुणीतरी आहे, म्हणून प्रत्येकाला हसून हात करतात. मेकॅनिकने बिलाचा आकडा सांगितला की विचारतात, "पुरतील ना एवढे?" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि धूर? गाडी सुरू झाली की त्यांचा वॉचमन डासांच्या फवारणीची गाडी आली असं समजून खिडक्या लावा म्हणून ओरडायचा!

आणखी एक गोष्ट मला सलत होती. लग्नात व्याह्याचा मान म्हणून मी त्यांना चांदीचा गणपती दिला होता, साखळीसकट, अंगठ्याएवढा. सराफाला घाम फोडून घेतलेला. त्यांच्या देव्हाऱ्यात तो मला कधी दिसला नाही. शोकेसमध्येही नाही. विचारायचं कसं? मी आपला मनात धरून बसलो.

अशात लेक बाळंतपणाला कोपरखैरण्याला आमच्याकडे आली आणि नात झाली. तिसरा महिना संपताना व्याही मायलेकींना न्यायला दिवस ठरवायला आले. म्हणाले, "मी माझ्या गाडीतूनच नेणार. हिने आमच्या मुलाला मांडीवर घेऊन याच गाडीतून घरी आणलं होतं." 'ही' म्हणजे आमच्या विहीणबाई. त्या आता नाहीत. कुणीही विरघळलं असतं. माझं मात्र डोकं फिरलं. "त्या धुराड्यातून माझी नात? पाव्हणं, आधी पीयूसी दाखवायची, मग पोरगी न्यायची!" ती गाडी धुराच्या तपासणीत सात जन्मांत पास होणार नाही याची मला खात्री होती, आणि नात नुकती माझ्या मिशा ओढायला शिकली होती. व्याही काय म्हणाले ते सांगायला नकोच. "तुम्ही म्हणाल तसं."

मग सुरू झाली धावपळ! गॅरेजात कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, स्क्रू पिळून पेट्रोल कमी केलं. तिथल्या मशीनवर आकडा झकास. तिथून निघून पेट्रोल पंपावरच्या पीयूसी केंद्रात गेले की नापास. पुन्हा गॅरेज, पुन्हा झकास, पुन्हा नापास! केंद्रवाल्याला दया आली. म्हणाला, "मास्तर, नळी न लावताच कागद देतो." तर हा भला माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडला म्हणे, "खोट्या कागदावर बसवून नेऊ का नातीला?" हे लेकीने मला सांगितलं आणि वर म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम अडवलंय त्यांना." झालं! मी उठलो. अट माझी असली म्हणून काय झालं, माझ्या व्याह्याला कुणी दोनदा नापास करतो म्हणजे काय?

तिसऱ्या वेळी मी थेट गॅरेजात हजर झालो आणि त्या गाडीत पहिल्यांदाच बसलो. व्याह्यांनी खिशातून काहीतरी काढलं, डोळ्यांना लावलं आणि समोरच्या एका कळेला अडकवलं. माझा चांदीचा गणपती! "गाडी दुसऱ्याच्या हातात देताना काढून ठेवतो," ते म्हणाले. "एरवी इथंच असतो. तुमचा मान आहे, घरात ठेवून काय करू? माझा दिवस इकडे जातो." पंप येईपर्यंत मागच्या हॉर्नवाल्यांना मीही हात करत होतो, आणि हे माझ्या बाबतीत नोंद घेण्यासारखं आहे.

केंद्रवाल्याने धुराच्या नळकांड्यात नळी खुपसली. आकडा हवा होता तीनच्या आत. मशीन म्हणालं पाच. "पाच?" मी कडाडलो. "अडीच कर. नवीन गिऱ्हाईक आणलंय तुला!"

"काका, बटाटा हाय का हा?" तो म्हणाला. "मशीन हाय. तिच्याशी काय भाव करताय?"

तेवढ्यात माझ्यातला व्यापारी जागा झाला. माल गाळ्यावरून निघताना एक वजन आणि पोचताना दुसरं, तर भांडण काट्याशी करायचं नसतं. वाटेत काय झालं ते बघायचं. गॅरेज ते पंप, मध्ये काय बदललं? मी गाडीत डोकं घातलं. "पाव्हणं, ही गणपतीची कळ कसली?"

"चोक. थंड इंजिन सुरू करताना ओढायचा, म्हणजे जास्त पेट्रोल जातं."

"मग आता दोन बोटं बाहेर का?"

"पूर्ण आत सारला की साखळी घसरते," ते अगदी सहज म्हणाले. "तुमचा मान पायाशी पडायला नको."

लग्नापासून हा माणूस माझा मान राखायला चोक ओढून गाडी हाकत होता, आणि तो सगळा धूर माझ्या नावाचा होता! मी गणपती उचलला, चोक आत ढकलला आणि ओरडलो, "लाव रे नळी!" इंजिनचा आवाज बदलला, मांजर झोपल्यासारखा झाला. आकडा उतरू लागला. चार. साडेतीन. तीन. आणि खाली! मी केंद्रवाल्याला मिठी मारली. व्याह्यांनी तो सांगेल तेवढे पैसे दिले आणि मीही भाव करायला विसरलो.

गणपती आरशाला टांगून आम्ही घरी आलो. दारात त्यांनी कागद माझ्या हातावर ठेवला. तेव्हा कुठे मला उमगलं, मी काय करून बसलो ते. घसा साफ करून म्हणालो, "पाव्हणं, दिवस चांगला बघायला नको का? आठ दिवस राहू दे तिला."

त्यांनी एकदा गाडीच्या खिडकीतून मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे विहीणबाईंची जुनी सुती साडी चौघडी करून अंथरलेली होती. तिन्ही वेळा ते ती अंथरूनच निघाले असणार. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

या वाक्यापुढे मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. "आठ कशाला?" मी म्हणालो. "आजच न्या."

लेक नातीला मांडीवर घेऊन त्या साडीवर बसली. गाडी निघाली, सावकाश, मागच्या हॉर्नवाल्यांना हात करत. मी फाटकात उभा राहिलो. धुराचा मागमूस नव्हता. थोडा असता, तर कोपऱ्यावरून वळून कुठवर गेली ते तरी दिसलं असतं.